पित्त नव्हतं ते

माझ्या धाकट्या भावाचं पोट वरचेवर दुखायचं. "पित्त असेल, जागरणं कमी कर," असं मीच त्याला दोन वर्षं सांगत राहिलो. शेवटी निदान झालं, लहान आतड्यात कार्सिनॉइड गाठ. मी पडलो बी. ए. मराठीवाला, पण नवा शब्द दिसला की त्याचं कूळ शोधायची खोड जुनी.

हा शब्द १९०७ साली म्युनिकच्या झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी दिला. या गाठी कर्करोगासारख्या दिसतात, पण सावकाश वाढतात आणि निरुपद्रवी असतात, असं त्यांचं मत. म्हणून नावाचा अर्थही 'कर्करोगासारखी'. पुढे १९२९ साली त्यांनीच आपलं मत सुधारलं, की या गाठी पसरूही शकतात. ते ज्यू होते. १९३३ साली त्यांना जर्मनी सोडून इस्तंबूलला जावं लागलं.

लहान आतडं सुमारे सहा मीटर, सगळं वेटोळ्यांचं. नेहमीची दुर्बीण वरून घातली तर सुरुवातीलाच थांबते, खालून घातली तर शेवटाशी. मधला टापू अंधारातच. २००१ साली गिळायच्या कॅमेऱ्याच्या कॅप्सूलला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा कुठे तिथे सहज पाहता येऊ लागलं.

भावाची शस्त्रक्रिया झाली, आता तो बरा आहे. मुलांच्या वह्यांत मी जन्मभर लाल रेघा ओढल्या. बावीस वर्षांनी स्वतःच्याच मतावर रेघ ओढणारा हा माणूस वाचला आणि भावाला फोन केला, "पित्त म्हणालो, ते चुकलं माझं." तो नुसता हसला.

असो. पोट वरचेवर दुखत असेल तर घरातल्या मास्तरांचं ऐकू नका, डॉक्टरांकडे जा.