सावलीतला राम

पंचवटीच्या माणसाला राम सांगायला जाऊ नये. काळाराम इथे, सीतागुंफा इथे. आणि नाशकात बसून दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला, तेव्हा राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंक्यांनी केल्या. पडद्यावर हलणारा राम आमच्या पणजोबांच्या पिढीला केवढा नवलाचा वाटला असेल! पण जावा बेटावरचे लोक त्याच्या कितीतरी शतके आधीपासून रात्र रात्र जागून पडद्यावर राम आणि पांडव पाहत आले आहेत, आणि आजही पाहतात.

त्या खेळाला तिथे 'वायांग कुलित' म्हणतात. म्हशीचे कातडे कोरून, रंगवून पात्रे करायची, ती केळीच्या बुंध्यात ओळीने खोचायची. पुढे पांढरा पडदा, वर दिवा. सूत्रधार एकच, 'दालांग'. तो रात्रभर मांडी घालून बसतो. भीम तोच, द्रौपदी तीही तोच, आणि पायाने धातूच्या पट्ट्या वाजवून वादकांना इशारा देणाराही तोच.

कथा आपलीच, पण जावाने ती घरची करून घेतली. तिथली द्रौपदी एकट्या धर्मराजाची बायको. शिखंडी तर चक्क स्त्री, अर्जुनाची धनुर्धर पत्नी! आपल्याकडची एखादी आजी कानांवर हात ठेवील. खरी गंमत मात्र सेमार आणि त्याच्या तीन पोरांची. पांडवांचे हे सेवक व्यासांच्या ग्रंथात कुठेच नाहीत. मध्यरात्रीच्या सुमारास ते पडद्यावर येतात आणि आजच्या गोष्टींवर बोलू लागतात. कारभाऱ्यांचीसुद्धा टर उडवतात. आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवावा. इंडोनेशिया हा बहुसंख्य मुसलमानांचा देश, दालांगही बहुधा मुसलमान. म्हणून खेळ थांबला नाही. पुढे सिनेमा आला, हिंदी चित्रपटांच्या चालींवर पोसलेले 'डांगडुट' गाणे आले, मोबाईल आला. वायांग आता मोबाईलवरही दिसतो. मला वाटते, हे श्रेय रामाइतकेच सेमारचे आहे.

आपल्याकडे असा खेळ नव्हता काय? होता, आणि अजून आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथी सांगतात, कळसूत्री नाचवतात आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळही करतात. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. तो सुटला, आणि बघे सिनेमाकडे गेले. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय करून ही विद्या जपली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आनंद आहेच. पण किताबाने पडद्यासमोरचे जाजम भरत नाही.

मागे वर्गात या बाहुल्यांचे चित्र दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "सर, ह्या बोलतात काय?"

"बोलतात तर!" मी म्हणालो खरा; पण त्यांना बोलताना मी स्वतः कधी ऐकले नव्हते. यंदा भाऊबीज उरकली की कुडाळ गाठायचे ठरवले आहे.