पटावरचा आणि बाकावरचा

मंगळवार पेठेत उभं राहून हजेरीवर बोलायचं म्हणजे जरा सांभाळूनच. इथं तालमी आहेत. तालमीत हजेरीपट नसतो, वस्ताद असतो. कोण आला, कुणी अंग चोरलं, हे त्याला नुसत्या बघण्यावरून कळतं. सरकारला ही सोय नाही. ते लांब बसलेलं, म्हणून त्याला कागद लागतो. आणि कागदाला पैसा जोडला की कागदावरची माणसं वाढायला लागतात. सरकारी खर्चानं चालणाऱ्या व्यवसाय प्रशिक्षणाचा पट तपासायचा कसा, एवढाच आज आमचा प्रश्न आहे.

पण जरा मागून येऊ. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापांना दंड. म्हणजे इथं पैशाची टोचणी होती ती गैरहजेरीला. ब्रिटिश मुलखात गणित निराळं होतं. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांना अनुदान मिळू लागलं आणि मुंबई इलाख्यानं त्यासाठी निकालाप्रमाणे पैसे देण्याची रीत धरली. इन्स्पेक्टर यायचा, पोरांची परीक्षा घ्यायचा, त्यावर रक्कम ठरायची. खुद्द इंग्लंडात 1862 पासून हाच प्रकार होता; तिथं तर परीक्षेच्या दिवशी आजारी पोरांना पांघरुणात गुंडाळून आणल्याच्या हकिकती आहेत. डोकं मोजलं गेलं पाहिजे, बाकी काय व्हायचं ते होवो!

ही रीत मेली असं आम्ही वर्षानुवर्षं समजत होतो. 2015 साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि ती नव्या कपड्यांत समोर उभी राहिली. पुढं केंद्राला पैसा मिळायचा तो तीन हप्त्यांत: तुकडी सुरू झाली की 30 टक्के, प्रमाणपत्र मिळालं की 50, नोकरी वगैरे लागली की उरलेले 20. कल्पना वाईट नाही. पण प्रत्येक हप्त्याच्या दारात एक नाव उभं असावं लागतं, आणि ते नाव कुणाचं, हे पाहणारा वस्ताद जागेवर नसतो.

आता आपल्या राज्याचा अनुभव बघा. नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांची पटपडताळणी केली आणि मग 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी ती झाली. एकाच वेळी का, तर या शाळेतली पोरं त्या शाळेत नेऊन बसवता येऊ नयेत म्हणून. निवडणुकीसारखी बोटाला शाई लावली. लाखांच्या हिशोबात नावं कागदावरचीच निघाली. मोहीम धाडसाची होती, आम्ही तेव्हाही तिच्या बाजूनं बोललो होतो. तरी एक शंका तेव्हापासून आहे, आणि ती आमच्या विषयातली, तत्त्वज्ञानातली आहे.

कुमारिल भट्ट म्हणतात, ‘नसणं’ हेही कळतं, आणि ते कळण्याचं साधन म्हणजे अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. मात्र अट आहे: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काही सिद्ध होत नाही. आता तारीख बघा. 2011 चा दसरा 6 ऑक्टोबरला होता. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तीच मोजणी दिवाळीनंतर झाली असती, तर बीडकडच्या कित्येक वस्त्यांतली खरीखुरी पोरं वर्गात नव्हे, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या फडात असती, आणि ‘बोगस’ ठरली असती. नैयायिक अभावाचे चार प्रकार सांगतात. अजून न आलेला, येऊन सोडून गेलेला, मुळात कधीच नसलेला, आणि हा म्हणजे तो नव्हे असा. आमच्या हजेरीपटात या सगळ्यांना मिळून एकच शब्द: गैरहजर. तपासनीसाचं खरं काम तो शब्द फोडण्याचं आहे. अर्ध्यावर सोडून गेलेल्या पोराला भूत ठरवणं आणि भुताला पोर ठरवणं, दोन्ही चुकाच. पण पहिल्या चुकीत एका माणसाचं शिक्षण जातं.

व्यवसाय प्रशिक्षणात हे फोडायला शाळेपेक्षा जास्त वाव आहे, हे लोक विसरतात. इथं शिकण्याला माल लागतो. फिटरच्या तुकडीत पोरं खरी असतील तर लोखंड झिजतं, कानशी बोथट होतात, वेल्डिंगच्या वर्गात रॉड संपतात, विजेचं बिल वाढतं. हजेरीपट आणि साठा नोंदवही शेजारी शेजारी ठेवा. तीसजण रोज हजर आणि सहा महिन्यांत रॉडचा एकच खोका? उद्यमनगरातला कुठलाही मेस्त्री हसेल. अंगठ्याच्या यंत्रावर आमचा तेवढा भरवसा नाही. अंगठा लावून पोरगं घरी गेलं तर यंत्राला काय कळणार?

आम्ही तरी कुठं धुतल्या तांदळाचे! वर्गात मागच्या बाकावरून एकानं दोघांची ‘हजर सर’ म्हटलेली आम्हाला ऐकू यायची. आवाज ओळखीचा असायचा. आम्ही मान खाली घालून टिचकी मारायचो, कारण हजेरी कमी पडली तर तुकडी जायची, तुकडी गेली तर तत्त्वज्ञानाची जागा जायची.

शेवटी तो महालेखापरीक्षकांचा अहवाल, डिसेंबर 2025 मध्ये संसदेत ठेवलेला. कौशल्य योजनेच्या 95,90,801 प्रशिक्षणार्थ्यांच्या नोंदी तपासल्या, तर 94.53 टक्के नोंदींत बँक खात्याचा रकाना रिकामा, शून्य किंवा तत्सम. उरलेल्यांपैकी 12,122 खाते क्रमांक 52,381 जणांच्या नावावर पुन्हा पुन्हा. कुठं खाते क्रमांक म्हणून नुसता 11111111111. वर्तमानपत्रांनी हे सगळं एका ‘घोटाळा’ शब्दात बसवलं. आम्ही त्या एककांच्या रांगेकडे बराच वेळ बघत बसलो. तिच्यामागं कुणीच नसेल. किंवा खरोखर तीन महिने शिवणकाम शिकलेली एखादी पोरगी असेल, जिचं खातं विचारायचा कंटाळा कुणीतरी केला. प्रमाणपत्रासोबतचे 500 रुपये थेट खात्यात जायचे होते. ती असेल, तर तिला ते मिळालेले नाहीत.