तळटीप: १२३४५६७८९८७६५४३२१

मूळ लेखात या संख्येला नुसते ‘डेमलो संख्या’ म्हटले आहे, म्हणून थोडा खुलासा. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्थानकावर या संख्यांचा विचार प्रथम सुचला म्हणून देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी त्यांना स्थानकाचेच नाव दिले.

ही संख्या म्हणजे नऊ एककांचा, १११११११११ चा, वर्ग. पाटीवर गुणाकार मांडून पाहावा: एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मधल्या स्तंभात नऊ एक जमतात, कडेला एकच उरतो. कुठेही हातचा येत नाही. दहा एककांच्या वर्गात मात्र मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर मिळून ती सुंदर चढउतार मोडते.

अवयव पाडले तर ३⁴ × ३७² × ३३३६६७². त्यामुळे विभाजक ४५. पूर्ण वर्ग असल्याने ते विषम असणारच. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येहून कमी भरते, म्हणून ती ‘न्यून’. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने निःशेष भागही जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे नावही कापरेकरांचेच. मला ते फार समर्पक वाटते.

अंक सतरा. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील स्थाननामांत परार्ध अठरावे, म्हणजे ही त्याच्या एक घर अलीकडे, ‘मध्य’ स्थानावर थांबते.

— संपादक