कॅबोशॉन म्हणजे काय? पैलू न पाडता खडा कसा घडवतात?

अंगठीतला लसण्या आठवा. वरून फुगीर, एकही पैलू नाही. या घडणीला 'कॅबोशॉन' म्हणतात. लसण्यातली मांजराच्या डोळ्यासारखी रेघ या घुमटामुळेच उठून दिसते.

महाराष्ट्राशी नातं काय?
वसई-विरारमधल्या कळंबच्या किनाऱ्यापासून जवळच असलेलं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव येतं. पैठणहून अकीकाच्या जातीचे खडे भडोचला जात, असंही त्यात आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत अकीक आजही सापडतो.

छंद म्हणून कसं करतात?
अकीकाची कठीणता मोह्ज मापावर 6.5 ते 7, म्हणजे तो काचेवर ओरखडा काढतो. म्हणून हिऱ्याच्या पुडीची करवत आणि चाकं लागतात.

1. दगडाची चकती कापून आकार आखतात.
2. ती काडीच्या टोकाला मेणाने चिकटवतात.
3. आधी भरड, मग बारीक चाकावर घासतात.
4. शेवटी सिरियम ऑक्साइडने चकाकी आणतात.

धोका कोणता?
अकीकाची धूळ म्हणजे सिलिका. ती फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांनी हे भोगलंय. म्हणून चाकावर सतत पाणी आणि तोंडावर एन-95 मास्क हवाच. उडालेला चिखलही ओला असतानाच पुसा. सुकला की त्याची पुन्हा धूळ होते.