चमच्याच्या पाठीवरचा इतिहास

जुन्या बाजारात आपल्या हाती एखादा चांदीचा इंग्लिश चमचा आला, तर त्याची चकाकी पाहून फारसे काही कळत नाही. जुनी चांदी जमवणारा जाणकार चमचा उलटा करतो, खिशातून भिंग काढतो आणि दांड्याच्या मागे ठोकलेले चार-पाच बारीक छाप पाहू लागतो. हे छाप वाचता आले, तर चमचा कोणत्या शहरात तपासला गेला, कोणाच्या कारखान्यात आणि कोणत्या साली घडला, हे सांगता येते. एवढी माहिती एका चमच्यावर कोणी आणि कशासाठी नोंदवली?

शुद्ध चांदी फार मऊ असते. तिचा चमचा सहज वाकेल. म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळतात. इंग्लंडमध्ये १००० भागांत ९२५ भाग चांदी हे प्रमाण ठरले. त्यालाच स्टर्लिंग चांदी म्हणतात. पण ९२५ च्या जागी ८०० भाग चांदी घातली, तर ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. गिऱ्हाइकाची फसवणूक नेमकी इथेच होते. म्हणून इ. स. १३०० मध्ये राजा पहिला एडवर्ड याच्या काळात कायदा झाला, की तपासणी होऊन बिबट्याच्या मुखवट्याचा छाप बसल्याशिवाय चांदीची वस्तू विकू नये. १३६३ मध्ये कारागिराची स्वतःची खूण सक्तीची झाली. चालणाऱ्या सिंहाचा छाप १५४४ पासून दिसतो.

तपासणीची जुनी रीत आपल्या रसायनशास्त्राच्या तासाला शोभेल अशी आहे. वस्तूवरून थोडी चांदी खरवडून घ्यायची, तिचे वजन करायचे, ती शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत तापवायची. शिसे आणि तांबे यांची ऑक्साइडे बनतात व ती राखेत शोषली जातात. मागे उरतो तो शुद्ध चांदीचा मणी. त्याचे वजन मूळ वजनाशी ताडून पाहिले, की कस कळतो.

आता सालाच्या अक्षराकडे वळू. १४७८ पासून लंडनमध्ये दरवर्षी वर्णमालेतील एक अक्षर वस्तूवर ठोकले जाऊ लागले. हेतू इतिहास लिहिण्याचा नव्हता. पुढे वस्तूत खोट निघाली, तर त्या वर्षी तपासणीला कोण होता हे कळावे आणि त्याला जाब विचारता यावा, एवढाच होता. जबाबदारी ठरवण्यासाठी केलेली ही खूण आज आपल्याला कालगणनेसाठी उपयोगी पडते. इतिहासाची कितीतरी साधने अशीच, दुसऱ्याच कामासाठी जन्मलेली असतात.

नियम आला की पळवाटही येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून आणि नाणी वितळवून भांडी करू लागले. तेव्हा १६९७ मध्ये भांड्यांच्या चांदीचे प्रमाण वाढवून सुमारे ९५८ केले गेले. नाण्यांत ९२५ च भाग चांदी असल्याने ती वितळवून सरळ भांडे करणे शक्य राहिले नाही. १७२० मध्ये स्टर्लिंगला पुन्हा परवानगी मिळाली, पण सोबत दर औंसाला ६ पेन्स कर आला. लगेच काही कारागिरांनी युक्ती काढली. चांदीचा लहानसा तुकडा तपासून घ्यायचा, त्यावरचे छाप कापायचे आणि डाख देऊन मोठ्या कॉफीदाणीच्या बुडाला बसवायचे! अशा भांड्यावर तोंडाची वाफ सोडली, तर डाखाची रेघ उमटून दिसते. संग्राहक आजही हे करून पाहतात.

शेफिल्ड गावात मात्र वेगळीच गोष्ट घडली. १७४३ च्या सुमारास टॉमस बोल्सोव्हर हा कारागीर सुरीची मूठ दुरुस्त करत असताना तांबे आणि चांदी जास्त तापून एकमेकांना चिकटली, असे सांगतात. त्यामागचे कारण आज आपण देऊ शकतो. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. पण दोन्हींचे विशिष्ट मिश्रण ७८० अंशांच्या आसपासच वितळते. त्यामुळे जिथे दोन धातू भिडतात तिथलाच पातळ थर आधी वितळतो आणि सांधा पक्का होतो. अशी जोडलेली लगड लाटली, की दोन्ही धातू सारख्याच प्रमाणात पातळ होतात. समजा, ४० मिलिमीटर जाडीच्या लगडीत १ मिलिमीटर चांदी आहे. तिचा १ मिलिमीटरचा पत्रा केला, तर चांदी उरेल १ मिलिमीटरचा चाळिसावा भाग. बाहेरून मात्र सगळे चांदीचेच! मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीची झळाळी आली ती या पत्र्यामुळे. वापराने झिजलेल्या कडांतून डोकावणारी तांब्याची लाली ही त्याची ओळख. कल्हई उडालेले पातेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती सहज पटेल.

पुढे विजेने हा धंदाही मोडला. १८०० मध्ये व्होल्टाने विद्युतघट बनवला. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे एकस्व घेतले. त्यासाठी लागणारे सायनाइडचे द्रावण जॉन राइट या शल्यवैद्याने सुचवले होते. आत बहुधा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असे. त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदीचा कणही नसतो. (आपल्याकडची 'जर्मनची भांडी' वेगळी, ती ॲल्युमिनियमची.) अशा वस्तूंवर 'ई.पी.एन.एस.' ही अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत ठोकत. घाईने पाहणाऱ्याला ती चांदीचे छापच वाटतात.

जुनी चांदी दुर्मीळ का, याचेही उत्तर इतिहासातच आहे. भांडी म्हणजे घरात ठेवलेला पैसाच. १६८९ मध्ये चौदाव्या लुईने युद्धखर्चासाठी व्हर्सायच्या राजवाड्यातील चांदीचे सामान वितळवले. जे भट्टीतून वाचले, त्यातले बरेचसे घासण्याने झिजले. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. तो घासून काढताना दरवेळी थोडी चांदी जाते आणि त्याबरोबर छापही पुसट होतात. लख्ख चमच्याचा मालक खूश होतो, पण चमच्याची साक्ष मुकी होते.

भारतीय मानक ब्यूरोने आपल्याकडे २००० मध्ये सोन्यासाठी आणि २००५ मध्ये चांदीसाठी प्रमाणछाप सुरू केले. घरातला एखादा छापाचा दागिना भिंगाखाली पाहायला विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. काय दिसते यापेक्षा ते तिथे कोणी, कोणाच्या भल्यासाठी ठोकले, हा प्रश्न त्यांना विचारावा. इतिहास आणि रसायनशास्त्र या दोन्ही तासांना त्याचे उत्तर शोधता येईल.