झाड कोणाचे, परवानगी कोणाची?

घरावर झुकलेला फणस तोडायचा असला की आमच्याकडे माणूस पहिला अर्ज लिहितो तो "मा. सरपंच" यांच्या नावाने. निवृत्त शिक्षकाचे अक्षर बरे असते अशी समजूत असल्याने असे अर्ज बरेचदा माझ्या ओटीवर लिहिले जातात, म्हणून हा विषय. ग्रामपंचायतीकडे जाणे स्वाभाविक आहे. घरपट्टी तिथे, पाणीपट्टी तिथे, मग झाडही तिथेच असणार. पण खेडेगावात खाजगी जागेतल्या फणसाची परवानगी ग्रामपंचायतीच्या हातात नसते. ती १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याने, म्हणजे व्यवहारात वनखात्याने द्यायची. सातबारा जोडायचा, जागेची पाहणी होते, झाडावर हातोड्याची खूण पडते, आणि लाकूड गावाबाहेर न्यायचे तर वाहतुकीचा पास वेगळा.

इथून वीसेक किलोमीटरवर श्रीवर्धन. तिथे नगरपरिषद आहे, म्हणून तिथे १९७५ चा नागरी क्षेत्रांचा वृक्ष कायदा चालतो. त्यात झाड जाळणे, तोडणे किंवा त्याला कोणतीही इजा करणे, हे सगळे 'तोडणे' या शब्दातच येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले, आणि जितक्या वयाचे झाड तोडाल तितकी नवी झाडे लावा असा नियम केला. एकाच तालुक्यातले दोन फणस, पण कायदे दोन!

आता १९६४ च्या कायद्याची यादी बघा. सोळा जाती आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खाडीकाठचे तिवर. ही यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाकडाचा आणि कोळशाचा व्यापारी होता हे वाचताक्षणी कळते. ज्या झाडांवर दिवेआगर जगले, तो माड आणि ती पोफळ यादीत नाहीत. तोडा किंवा ठेवा, या कायद्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही.

गावाच्या नावातच आगर आहे. आगर म्हणजे नारळ-पोफळीची बाग. इथे सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत गणला जातो. गावाला अलीकडे प्रसिद्धी मिळवून देणारा सुवर्णगणेशही १७ नोव्हेंबर १९९७ रोजी अशाच एका वाडीत खणताना वर आला. इथला इतिहास झाडांच्या मुळाशी सापडतो, असे मी वर्गात गमतीने म्हणत असे.

असो. झाड कोणाचे, लावणाऱ्याचे की राज्य करणाऱ्याचे, हा मूळ प्रश्न आहे. त्याचे आपल्याकडचे सर्वांत स्पष्ट उत्तर आज्ञापत्रात मिळते. हल्ली मोबाइलवर ते उतारे "शिवाजी महाराजांचे आज्ञापत्र" म्हणून फिरतात. ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा आहे, महाराजांच्या निधनानंतर पस्तीसेक वर्षांनी, १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेला. महाराजांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाने लिहिलेला असल्यामुळे धोरण त्यांचेच असेल, हे मानायला हरकत नाही. पण लेखकाचे नाव खोडू नये.

गंमत अशी की झाडांचा हा विचार शेतीच्या प्रकरणात नाही, आरमाराच्या प्रकरणात आहे. जहाजे बांधायची तर लाकूड हवे. अमात्य सांगतात की राज्यातल्या अरण्यातले सागासारखे लाकूड लागेल तेवढे हुजूरची परवानगी घेऊन तोडावे, आणि बाकीचे परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती अगदी नको.

इथे परवानगी कोणी कोणाची घ्यायची ते नीट पाहा. सरकारने रयतेची घ्यायची! आजच्या अर्जाची दिशा बरोबर उलटी आहे. माझ्या आजोबांनी लावलेल्या फणसासाठी मी सरकारला विचारायचे.

ही दिशा फिरली तीही आरमारामुळेच. नेपोलियनशी लढाया चालू असताना इंग्रजांना जहाजांसाठी साग हवा होता. १८०६ साली कंपनीने मलबारात कॅप्टन वॉटसन या पोलिस खात्यातल्या अधिकाऱ्याला जंगलांचा संरक्षक नेमले आणि पुढच्याच वर्षी सागावर आपला मक्ता जाहीर केला. खाजगी जमिनीतला सागही त्यातून सुटला नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' बांधली, ती इंग्लंडात हार्टलपूल इथे आजही पाण्यावर आहे. सागाची प्रत काय होती ते त्यावरून समजावे! पण रयतेचा आणि व्यापाऱ्यांचा ओरडा इतका झाला की १८२३ साली मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांनी ते संरक्षकपद मोडीत काढले. त्याच दशकात दक्षिण कोकणात कलेक्टर डनलॉप यांनी झाडांवरचा सरकारी हक्क सोडून दिला. परिणाम? रत्नागिरीच्या बाजूला लोकांनी साग भराभर विकून टाकला. आज तिथे सरकारी जंगल फार थोडे, त्याचे एक मूळ तिथे आहे. म्हणजे "झाड लावणाऱ्याचे" असे एकदा म्हणून टाकले की सगळे गोड होते असेही नाही. अमात्यांची रयत आंबा जपणारी होती, डनलॉपच्या रयतेच्या दारात लाकडाचा गिऱ्हाईक उभा होता.

पुढे १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खरी कुरकुर झाली ती तोडीपेक्षा छाटणीवरून. भातशेतीला राब लागतो. ऐन-किंजळाच्या फांद्या छाटून, कवळ आणून, पावसाआधी त्या जागेवर भाजायच्या आणि मग त्या राखेत रोपे करायची. झाड मरत नाही, दोन वर्षांत पुन्हा फुटते. जंगल अधिकाऱ्याला मात्र त्यात झाडाची विटंबना दिसली. कोणाच्या वरकस जमिनीतले कोणते झाड कोणी छाटायचे, यावरून इतके तंटे झाले की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ चा. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगल खात्यावर ओढलेला कोरडाही याच काळातला, १८८३ चा.

आपले दिवेआगर तेव्हा इंग्रजांच्या कुलाब्यात नव्हते, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा आपण कुलाबा जिल्ह्यात आलो (रायगड हे नाव १९८१ पासूनचे). त्यामुळे राबाचे ते भांडण आपल्याकडे वेगळ्या अमलाखाली गेले. पण ज्या ऐन-किंजळावरून तिकडे कमिशन बसले तीच दोन झाडे पुढे १९६४ च्या यादीत आली आणि यादी आपल्यालाही लागू झाली.

त्या कायद्याच्या बाजूनेही बोलायला हवे. खाजगी डोंगर कोळशाच्या भट्ट्यांसाठी विकले जात होते. आजोबांनी लावलेले नातवाने ठेकेदाराला एका सहीत द्यावे, हे थांबवायला कोणीतरी आडवे यायलाच हवे होते. शिवाय वाळलेल्या, वाऱ्याने पडलेल्या किंवा जिवाला धोका असलेल्या झाडासाठी वाट कायद्यातच ठेवलेली आहे. अर्जात आपले लोक "अडचण होते" एवढेच लिहितात. "फांदी घराच्या छपरावर आली आहे, खोड पोकळ आहे, जीवितास धोका आहे" असे लिहावे आणि ते खरे असावे. रस्त्याकडेचे झाड असेल तर रस्ता ज्याचा त्याला विचारायचे, आणि किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात कोयती घेऊन जायचेच नाही, ते वनखात्याचे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले, त्याने कोणाची परवानगी घेतली नाही. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. दुपारपर्यंत वाड्या आडव्या. मग पंचनामे सुरू झाले. पहिली मदत ठरली ती हेक्टरी पन्नास हजार. पण आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठे वाडी असलेल्याच्या वाट्याला पाच हजारांच्या आसपास येणार! ओरड झाली तेव्हा झाडावर हिशेब आला: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. दहा गुंठ्यांत दीडशे पोफळी धरा, साडेसात हजार झाले. चांगल्या पोफळीची एका वर्षाची सुपारीच पन्नास रुपयांहून जास्तीची असते. श्रीवर्धनी रोठा म्हणून जिचे नाव, जिच्यासाठी श्रीवर्धनला संशोधन केंद्र आहे, त्या सुपारीचे अख्खे झाड पन्नास रुपयांचे!

अमात्यांनी पैसे देऊन धन्याचा संतोष करा म्हटले, त्यात आकडा नव्हता. आकडा धन्याशी बोलूनच ठरणार होता. वादळानंतरच्या पावसाळ्यांत लोकांनी पुन्हा रोपे लावली. पोफळीला धरायला पाच-सहा वर्षे, जुन्या जातीच्या माडाला त्याहून जास्त. साठी उलटलेल्या माणसांनीही आळी केली, आणि त्यासाठी त्यांना कुठे अर्ज करावा लागला नाही.