पाच डॉलरांचा रोज

मराठी वर्तमानपत्रांतील ‘पाहिजेत’च्या सदरात ‘निर्व्यसनी’ हा शब्द वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. कारकून असो, दुकानातील विक्रेता असो किंवा मोटारचालक असो, उमेदवार निर्व्यसनी असावा ही अपेक्षा इतकी सहज केली जाते की, तीत काही विचार करण्यासारखे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. तथापि तिच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. वेतनाच्या मोबदल्यात मालक नोकराकडून नेमके काय घेतो? त्याचे ठराविक तासांचे श्रम, की त्या तासांपलीकडचे त्याचे खाणेपिणे, घर आणि संसारही? अमेरिकेतील एका बड्या कारखानदाराने इ. स. १९१४ मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर प्रत्यक्ष आचरणात आणले, त्याचा इतिहास फार बोधप्रद आहे.

डेट्रॉइट शहरालगत हायलंड पार्क येथे हेन्री फोर्ड यांचा मोटारींचा प्रचंड कारखाना होता. तेथे १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर मोटार जोडण्याची पद्धत सुरू झाली. ‘मॉडेल टी’ मोटारीचा सांगाडा जोडावयास पूर्वी बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो लवकरच दीड तासावर आला. परंतु यंत्राच्या या गतीला माणूस कंटाळला. दिवसभर एकच खिळा बसवावयाचा किंवा एकच चाकी आवळावयाची, असले काम फार दिवस करण्यास कोणी तयार होईना. सुमारे १४ हजार मजुरांची संख्या कायम राखण्यासाठी त्या एका वर्षात ५२ हजारांहून अधिक माणसे नव्याने भरती करावी लागली. काम शिकवावे आणि माणसाने निघून जावे, असा प्रकार चालला होता.

यावर उपाय म्हणून ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्ड व त्यांचे सहकारी जेम्स कझन्स यांनी जाहीर केले की, यापुढे कारखान्यात आठ तासांच्या दिवसाला किमान पाच डॉलर रोज मिळेल. त्या वेळी साध्या मजुराचा रोज २ डॉलर ३४ सेंट होता. ही वार्ता वणव्यासारखी पसरली. गावोगावचे बेकार डेट्रॉइटला येऊन थडकले. १२ जानेवारी रोजी, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, कारखान्याच्या दारापुढे लोटलेला हजारोंचा जमाव पांगविण्यासाठी आगीच्या बंबांतून पाण्याचे फवारे मारावे लागले.

पण या पाच डॉलरांत एक मेख होती. त्यांपैकी २ डॉलर ३४ सेंट एवढेच खरे वेतन होते. उरलेले २ डॉलर ६६ सेंट हा ‘नफ्याचा वाटा’ होता आणि तो मिळण्यास मजुराची वर्तणूक चोख ठरावी लागे. विवाहित मनुष्य कुटुंबासह राहत असला पाहिजे व त्याने बायकामुलांचे नीट पालनपोषण केले पाहिजे. बावीस वर्षांवरील अविवाहिताने आपण काटकसरी आहोत हे सिद्ध केले पाहिजे. बावीसच्या आतील तरुणावर आप्तांचा भार असला पाहिजे. मद्यपान, जुगार, अस्वच्छता व उधळेपणा हे दोष मानले जात. सारांश, निम्म्याहून अधिक कमाई श्रमांवर नसून शीलावर अवलंबून होती.

हे शील मोजावयाचे कसे? त्यासाठी ‘सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंट’ या नावाचे एक खातेच उघडण्यात आले. जॉन ली हे त्याचे पहिले प्रमुख. खात्याचे तपासनीस मोटारीत बसून, दुभाष्याला बरोबर घेऊन मजुरांच्या वस्त्यांत फिरत. लग्नाचा पुरावा काय, बँकेत शिल्लक किती, कर्ज आहे काय, घर किती स्वच्छ आहे, एका खोलीत किती माणसे निजतात, असे प्रश्न घरच्या माणसांना आणि कित्येकदा शेजाऱ्यांनाही विचारले जात. जो या परीक्षेत उतरत नसे त्याचा वाटा रोखून धरला जाई. तो लवकर सुधारला तर रोखलेल्या रकमेचा मोठा भाग परत मिळे. सुधारण्यास जितका उशीर, तितका तो भाग कमी. सहा महिन्यांतही सुधारणा न झाली तर नोकरीच जाई.

या योजनेची दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. फोर्ड यांच्या कारखान्यात, इतरत्र ज्यांना दारातही उभे केले नसते अशा शिक्षा भोगून आलेल्या माणसांना काम मिळे. परदेशांतून आलेल्या मजुरांसाठी १९१४ मध्ये इंग्रजीचे वर्ग उघडण्यात आले. पुष्कळांनी बँकेत पैसा साठविला, कोंदट खोल्या सोडून बरी घरे घेतली. ज्या घरात पगाराचा दिवस म्हणजे दारूचा दिवस असे, त्या घरातील गृहिणीला या तपासनीसाचा आधारच वाटला असेल. १९१५ च्या अखेरीस खात्याची सूत्रे सॅम्युएल मार्क्विस या धर्मोपदेशकाकडे आली. त्यांनी ‘तपासनीस’ हे नाव बदलून ‘सल्लागार’ असे केले, आणि त्यांची कळकळ खरी होती याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

मग बिघडले कोठे? पहिली गोष्ट अशी की, दुर्गुण कोणता आणि केवळ निराळी चालरीत कोणती, हे ठरविण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याच्या हाती गेला. मजुरांपैकी सुमारे ७० टक्के लोक परदेशात जन्मलेले होते. घरात भाडोत्री ठेवून चार पैसे मिळविणे हा त्यांच्या बायकांचा प्रामाणिक उद्योग होता. खात्याच्या दृष्टीने तो संसाराला कलंक ठरला. पाच डॉलरांच्या घोषणेच्या त्याच जानेवारी महिन्यात आठ-नऊशे ग्रीक व रशियन मजूर आपल्या पंचांगाप्रमाणे येणारा नाताळ साजरा करण्यासाठी कामावर आले नाहीत. त्यांना काढून टाकण्यात आले. अमेरिकेत राहावयाचे तर अमेरिकेचेच सण पाळावेत, अशी त्यामागची भूमिका होती. इंग्रजी वर्गाच्या पदवीदान समारंभात तर विद्यार्थी आपापल्या देशाच्या पोशाखात एका भल्यामोठ्या कढईच्या देखाव्यात उतरत आणि अमेरिकन कपडे घालून, हाती निशाणे घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडत.

दुसरी गोष्ट संमतीची. तपासनीसाला घरात घेण्याची सक्ती नाही, असे म्हणता आले असते. परंतु निम्मी कमाई ज्याच्या टिपणावर अवलंबून आहे त्याच्या तोंडावर दार कोण लावणार? गरजवंताला अक्कल नसते असे आपल्याकडे म्हणतात. गरजवंताला दारही नसते, असे डेट्रॉइटच्या मजुराने म्हटले असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सवय आणि काम यांचा संबंध दाखविण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. फोर्ड यांनी १९१४ मध्येच सिगारेटविरुद्ध एक पुस्तिका छापली. तीत थॉमस एडिसन यांचे पत्र होते. सिगारेट ओढणाऱ्यास आपण नोकरीस ठेवीत नाही, असे त्यांनी त्यात कळविले होते. तंबाखू शरीराला घातक आहे हे आज निर्विवाद आहे. परंतु ती ओढणाऱ्याच्या हातचे काम वाईट असते काय, हा अगदी निराळा प्रश्न आहे, आणि नेमका तोच विचारण्यात आला नाही.

पुढे महायुद्धातील महागाईने पाच डॉलरांची किंमत उतरली. १९१९ मध्ये रोज सहा डॉलर झाला. १९२१ मध्ये मार्क्विस यांनी राजीनामा दिला आणि खाते मोडकळीस आले. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात खुद्द फोर्ड यांनीच, मजुरांच्या खासगी गोष्टींत डोकावणारे कल्याणकार्य आता कालबाह्य झाले आहे, असे मत नोंदविले. पण पाळत थांबली नाही. हॅरी बेनेट यांच्या ‘सर्व्हिस डिपार्टमेंट’चा अंमल वाढत गेला. तेथे कळकळीचा सल्लागार नव्हता. हेर होते, दांडगे पहिलवान होते. २६ मे १९३७ रोजी कामगार संघटनेची पत्रके वाटावयास आलेल्या वॉल्टर रॉयथर व त्यांच्या साथीदारांना याच माणसांनी बेदम मारहाण केली. कंपनीने संघटनेशी करार केला तो १९४१ मध्ये. मार्क्विस यांच्या हेतूत आणि बेनेट यांच्या हेतूत जमीनअस्मानाचे अंतर होते. परंतु मालकाने मजुराच्या खासगी आयुष्यात शिरण्याची वाट एकदा पाडली म्हणजे तिच्यावरून पुढे कोण चालेल, हे वाट पाडणाऱ्याच्या हाती राहत नाही.

हा प्रश्न फोर्ड यांच्याबरोबर संपलेला नाही. १९९५ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, गेल्या वर्षभरात तंबाखू सेवन केली नाही असे प्रतिज्ञापत्र उमेदवाराकडून मागण्याचा एका नगरपालिकेचा हक्क मान्य केला. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धूम्रपान करणाऱ्यांची नवी भरती बंद केल्याचे जाहीर केले. उलटपक्षी, अमेरिकेतील अनेक राज्यांनी कामाच्या वेळेबाहेरील धूम्रपानावरून नोकरी नाकारण्यास कायद्याने मनाई केली. दोन्ही पक्षांजवळ युक्तिवाद आहेत. आरोग्याचा प्रचार करणाऱ्या संस्थेने आपल्या माणसांकडून उदाहरणाची अपेक्षा करावी, हे समजू शकते. परंतु वैद्यकीय खर्च वाचावा म्हणून आज धूम्रपान करणाऱ्यास वगळणारा मालक उद्या स्थूल मनुष्यास, आणि परवा ज्याच्या घराण्यात मधुमेह आहे त्यास का वगळणार नाही, याचे उत्तर त्याच्या युक्तिवादात सापडत नाही.

मोटारचालकाने मद्य पिऊन चक्र हाती धरू नये, हे मालकाला सांगता येते. कारण तेथे सवय थेट कामात उतरते आणि वाटसरूंच्या जिवाशी तिची गाठ असते. तोच चालक सुटीच्या दिवशी कोणता सण करतो, काय खातो, घरात कोणाला ठेवून घेतो, हे विचारण्याआधी मालकाने कामाशी त्याचा संबंध दाखविला पाहिजे. हा नियम कारखान्यापुरताच नाही. स्वयंपाकासाठी बाई ठेवताना किंवा दुकानात मुलगा घेताना सुशिक्षित कुटुंबातही जी चौकशी होते, तीत कामाची किती असते आणि आपल्या आवडीनिवडीची किती, हे ज्याचे त्याने पाहावे. डेट्रॉइटच्या मजुराला पाच डॉलर हवे होते आणि ते त्याने घामाने मिळविले होते. त्यांतले निम्मे त्याला आपले घर उघडे टाकून दुसऱ्यांदा मिळवावे लागले.